तीन भाषांचा कीबोर्ड आणि रिकामा डावा अंगठा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात एका गृहस्थांचे पत्र आले होते. हल्ली फोनवर बोलले की मराठी उमटते, मग मुलांना टायपिंग शिकवण्यात वेळ का घालवायचा, असा त्यांचा प्रश्न होता. दोन दिवस मी काही बोलले नाही, पण ते पत्र डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहिते आहे.

बेळगावच्या शहापुरात एका गल्लीच्या तोंडाशी माझा छोटा गाळा आहे. टायपिंग, डीटीपी आणि भाषांतर, एवढेच काम. वाटणीपत्र, संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, लग्नपत्रिका, उत्तरकार्याची पत्रे, जानेवारीच्या सुमारास एखाद्या गावच्या साहित्य संमेलनाची स्मरणिका. कन्नडमध्ये आलेली नोटीस मराठीत समजावून द्यायची आणि तिचे उत्तर कन्नडमध्ये करून द्यायचे, हे तर रोजचेच. आपल्या सीमाभागात कोणता कागद कोणत्या भाषेत यावा यावर १९५६ च्या राज्य-फेररचनेपासून बोलणे चालू आहे. माझ्या टेबलावर तो मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत येतो. आणि वाटणीपत्रातली चतुःसीमा काही फोनला मोठ्याने सांगता येत नाही. बाकावर चार माणसे बसलेली असतात, त्यातला एखादा शेजारच्याच बांधावरचा असतो. ती गुपचूप बोटांनीच लिहावी लागते.

पण या पत्राचा विषय माझी बोटे आहेत. ज्यांचा दिवस कीबोर्डावर जातो त्यांनी हे वाचावे अशी मनापासून इच्छा आहे.

मी टायपिंग शिकले ते गोदरेजच्या मराठी मशिनवर. (गोदरेज कंपनी १९५५ पासून टाइपरायटर करत होती. आमच्या क्लासमधले मशीन माझ्यापेक्षा वयाने मोठे असावे.) त्या मशिनवर बोटे आपटावी लागत आणि करंगळीने शिफ्ट दाबली की आतला भाग खडकन हलत असे. एकाच खिळ्यावर वर-खाली दोन अक्षरे असायची. शिफ्ट न दाबता एक, दाबून दुसरे. हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे ज्याला ‘लेअर’ म्हणणार आहे ते हेच आहे. त्याच बटणांवर अक्षरांचा किंवा कामांचा आणखी एक थर.

पुढे कॉम्प्युटर आले, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षरे सारखीच साठवण्याची पद्धत) आले आणि मी इनस्क्रिप्ट, म्हणजे आपल्या भाषांसाठीची बटणांची आखणी, शिकले. हात बसायला दोन महिने लागले, पण ते कष्ट फुकट गेले नाहीत. इनस्क्रिप्टची आखणी सरकारने १९८६ साली ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती आली. तिची खुबी अशी की स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला, आणि भारतातल्या बहुतेक लिप्यांना तीच जागा. मराठीतला ‘क’ ज्या बटणावर, त्याच बटणावर कन्नडचा ‘क’. इथे बरेच जण कन्नडसाठी नुडी वापरतात, के. पी. राव या संगणकतज्ज्ञांच्या आखणीवर बेतलेला कीबोर्ड. तो वाईट नाही. पण ज्याला दिवसातून वीस वेळा मराठीतून कन्नडमध्ये जायचे आहे त्याच्या हाताला एकच वाट लागलेली बरी. पाटील हे आडनाव मी दोन्ही भाषांत त्याच पाच बटणांनी लिहिते.

चार वर्षांपूर्वी उजव्या हाताची करंगळी आणि मनगटाची बाहेरची बाजू दुखू लागली. आधी फक्त संध्याकाळी, मग सकाळी भाकरी थापतानाही. एका ठिकाणी दाखवले तर ‘वय झालं, काम कमी करा’ एवढेच ऐकून परत आले. काम कमी केले तर गाळ्याचे भाडे कोण देणार?

गणपतीला माझी भाची बेंगळुरूहून आली होती. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुकानात येऊन माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, “मावशी, दर ओळीला हात का झटकायलीस?” मला माहीतही नव्हते की मी हात झटकते. मग तिने तासभर माझे हात पाहिले आणि वहीत खुणा केल्या. त्यातून जे निघाले ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

इंग्रजी टाइप करणाऱ्याच्या उजव्या करंगळीकडे बहुतेक अर्धविराम-कंसाच्या जातीची बटणे असतात. क्वचित लागणारी. आपल्या इनस्क्रिप्टमध्ये त्याच कोपऱ्यात च, ट, ड, ज आणि य आहेत. ‘य’ शिवाय मराठीची एक ओळ पुरी होत नाही. त्यात एन्टर करंगळीचा, बॅकस्पेस करंगळीचा. डाव्या करंगळीचे दुखणे वेगळे. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, श, ष, ळ ही सगळी अक्षरे उजव्या हाताच्या बटणांवर शिफ्ट दाबून येतात, म्हणजे शिफ्ट डाव्या करंगळीने धरायची. खानापूर, शहापूर, धारवाड, बेळगाव. आपल्या गावांची नावे लिहितानाच ती करंगळी ताणली जाते. आणि दोन्ही अंगठे? उजवा स्पेसबार मारतो. डावा दिवसभर हवेत असतो. हाताचे सगळ्यात दणकट बोट, आणि त्याला कामच नाही.

भाचीने मग मला छोटा मेकॅनिकल कीबोर्ड आणून दिला. साध्या मोठ्या कीबोर्डावर १०४ बटणे असतात, यावर ६१. उजवीकडची आकड्यांची पाटी नाही, बाणांची बटणे नाहीत, वरची एफ-वन ते एफ-ट्वेल्व्हची ओळ नाही. मोठा साधारण ४४ सेंटिमीटर रुंद, हा २९ च्या आसपास. म्हणजे माउस तेवढाच जवळ आला आणि उजवा खांदा बाहेर फेकला जायचा थांबला. प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. माझे तपकिरी जातीचे आहेत. ४ मिलिमीटरच्या दाबातले साधारण २ मिलिमीटर गेले की बोटाला बारीक ठेच लागते आणि अक्षर उमटते, तळापर्यंत आपटावे लागत नाही. टाइपरायटरची सवय मोडायला मात्र वेळ लागला. किंमत साध्या कीबोर्डाच्या कितीतरी पट असते, हेही सांगायला हवे.

जी बटणे दिसत नाहीत ती ‘एफएन’ नावाचे बटण धरून दुसऱ्या बटणांवर मिळतात. हाच तो लेअर. विकत घेतलेल्या कीबोर्डावर तो कंपनीने आखून दिलेला असतो, आणि माझी खरी तक्रार त्या आखणीबद्दल आहे. एफएन उजव्या खालच्या कोपऱ्यात आणि बाणही उजव्याच बाजूला. दुखऱ्या करंगळीने कोपरा धरून ठेवायचा आणि त्याच हाताची बाकीची बोटे फाकवून बाण दाबायचे. चार दिवसांत दुखणे वाढले. मी भाचीला म्हटले, तुझे खेळणे परत ने.

ती म्हणाली, याचा मेंदू बदलता येतो. क्यूएमके नावाची एक मोफत, खुली प्रणाली आहे. कीबोर्डाला ती चालत असेल तर कोणत्या बटणाने काय करायचे हे आपण ठरवायचे आणि ते कीबोर्डाच्या आतच साठते. वकिलांच्या ऑफिसात नेऊन त्यांच्या मशीनला जोडला तरी माझी आखणी माझ्याबरोबर येते. मग आम्ही दोघी रात्री जेवणानंतर लग्नपत्रिकेच्या उरलेल्या कार्डांवर चौकोन काढून बसलो. सहा रात्री लागल्या.

पहिला नियम मीच घातला. आपले एकही अक्षर जागचे हलवायचे नाही. भाचीच्या ओळखीचे लोक ४० च्या आसपास बटणांचे कीबोर्डही वापरतात. त्यात आकड्यांची ओळ नसते आणि उजवा कोपरा कापलेला असतो. इंग्रजीला ते चालते. आपल्या आकड्यांच्या ओळीवर शिफ्टने ज्ञ, त्र, क्ष, श्र येतात, कडेला ‘ृ’ आहे, आणि कापलेल्या कोपऱ्यात ‘ट’ आणि ‘ड’ गेले तर खडेबाजार कसा लिहायचा? इंग्रजीवाल्यांनी आखलेला लेअर जसाच्या तसा उचलला की असा घोटाळा होतो. ६१ च्या खाली आपल्या भाषेने उतरू नये असे माझे ठाम मत आहे.

आणि ६१ मध्येही एक जागा गेलेली आहेच. डाव्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या कीबोर्डावर आकडा एकच्या शेजारी जे बटण असते, तिथे या छोट्यावर एस्केप बसवतात. मराठी लिहिताना काही बिघडत नाही, म्हणून पहिले दोन दिवस लक्षातच आले नाही. तिसऱ्या दिवशी होसूरच्या एका घराचा कन्नड कागद करायला घेतला आणि हात अडला. कन्नडमध्ये ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे. होसूर लिहायला ऱ्हस्व ओ लागतो आणि इनस्क्रिप्टमध्ये तो त्याच कोपऱ्यातल्या बटणावर आहे. कन्नडमध्ये ‘एक’ म्हणायला ‘ओंदु’, तो ओसुद्धा तिथलाच, शिफ्टने. एस्केप मला दिवसातून चारदा लागत असेल. आम्ही ते बटण कन्नडला परत दिले आणि एस्केप लेअरमध्ये टाकला. बेंगळुरूत राहून भाचीला हे सुचले नव्हते, कारण ती कन्नड बोलते, लिहीत नाही.

दुसरा नियम असा की एफएन धरणारा हात आणि काम करणारा हात एक नसावा. एफएन आधी कॅप्स लॉकच्या जागी ठेवून पाहिला. पुस्तकी सल्ला तोच असतो म्हणे. पण ती जागाही करंगळीचीच, आणि डावी करंगळी शिफ्टने आधीच दमलेली. तीन दिवसांत सोडून दिला.

मग स्पेसबारलाच दुहेरी केले. टिचकी मारली तर मोकळी जागा, धरून ठेवला तर लेअर. कल्पना फार सुंदर होती आणि तिनेच मला सगळ्यात मोठा धक्का दिला. प्रणाली साधारण २०० मिलिसेकंद वाट पाहते. त्याहून जास्त वेळ अंगठा राहिला तर ‘धरले’ असे समजते. माझा अंगठा टाइपरायटरवर तयार झालेला, तो स्पेसबारवर रेंगाळतो. एका वाटणीपत्रात ‘क’ च्या जागी लेअरमधला खाली जाण्याचा बाण लागला, कर्सर खालच्या ओळीत उतरला आणि थोरल्या भावाच्या वाट्याचे शब्द धाकट्याच्या सर्व्हे नंबरात जाऊन बसले. प्रिंट काढून ओळीवर बोट ठेवून वाचायची माझी जुनी सवय, म्हणून सापडले. सही झाल्यावर सापडले असते तर? त्या संध्याकाळी स्पेसबार पुन्हा साधा केला. ज्याच्या हाताखाली लोकांच्या जमिनी आहेत त्याने वेळ मोजून चालणारे बटण मोक्याच्या जागी ठेवू नये.

शेवटी एफएन गेला स्पेसबारच्या लगेच डावीकडे, जिथे ऑल्ट असतो तिथे. डावा अंगठा थोडा आत वळवला की पोचतो. दोन दिवसांत सवय झाली. काही कीबोर्डांवर स्पेसबारचे तुकडे केलेले असतात, तसा मिळाला तर अंगठ्याला वळावेही लागणार नाही, पण आपल्याकडच्या दुकानांत मला तो दिसला नाही.

आता अंगठा धरला की माझ्या उजव्या हाताखाली काय होते ते सांगते. ज्या बटणावर बारीक उंचवटा असतो, आपल्या ‘र’ चे बटण, ते झाले डावा बाण. ‘क’ खाली, ‘त’ उजवीकडे, ‘ग’ वर. हात जागचा हलत नाही. ‘प’ वर ओळीची सुरुवात, ‘च’ वर ओळीचा शेवट. ‘ह’ वर बॅकस्पेस, ‘द’ वर डिलीट.

या शेवटच्या दोन बटणांवर आम्ही एक पूर्ण रात्र घालवली. मराठीत बॅकस्पेस आणि डिलीट सारखे वागत नाहीत. ‘क्षी’ लिहिलेत तर त्यात क, हलन्त (पाय मोडण्याची खूण), ष आणि वेलांटी असे चार तुकडे असतात. मागून बॅकस्पेस मारत आलात तर चार वेळा मारावा लागतो. अक्षराच्या आधी कर्सर ठेवून डिलीट मारला तर सगळे अक्षर एकदम जाते. नुसती वेलांटी चुकली असेल तर बॅकस्पेस, अख्खे जोडाक्षर चुकले असेल तर डिलीट. इंग्रजीवाला डिलीट दूर कुठेतरी टाकतो, त्याला चालते. आपल्याला ही दोन्ही चांगल्या बोटांखाली हवीत. बॅकस्पेस करंगळीवरून तर्जनीवर आल्यावर पंधरा दिवसांत माझी सकाळची भाकरी बिनदुखीची झाली. आधी मला तो योगायोग वाटला. मग एकदा दोन दिवस जुन्या कीबोर्डावर बसावे लागले आणि दुखणे परत आले.

डावा अंगठा धरलेला असताना डाव्या हाताची बाकीची बोटे मोकळी राहतात. मधल्या बोटाखाली, हलन्ताच्या जागी, शिफ्ट ठेवला आणि तर्जनीखाली कंट्रोल. दोन्ही धरून उजवा बाण मारला की शब्दामागून शब्द निवडला जातो. करंगळीला लेअरमध्ये काहीच दिलेले नाही, मुद्दाम.

लिहिण्याच्या साध्या थरात आणखी एकच बदल केला. कॅप्स लॉकच्या जागी असा शिफ्ट बसवला की जो धरावा लागत नाही. टिचकी मारून सोडायचा, पुढचे एकच अक्षर शिफ्टचे येते. टिचकी आणि ‘क’, झाला ‘ख’. टिचकी आणि ‘ल’, झाला ‘ळ’. शिफ्ट अजूनही करंगळीच मारते, पण ताणून धरून राहत नाही.

आणि भाषा. तीन भाषा असल्या की विंडोजमध्ये एकाच चावीने एकीकडून दुसरीकडे फिरत जावे लागते, आणि आपण कुठे थांबलो ते पडद्याच्या कोपऱ्यात पाहावे लागते. इनस्क्रिप्टमध्ये बोटे तीच असल्याने हाताला चूक कळतच नाही. मान कागदाकडे असते, पाटील लिहून होतो, वर पाहावे तर तो कन्नडमध्ये. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रत्येक भाषेला स्वतंत्र चावी देता येते, डावा ऑल्ट, शिफ्ट आणि एक आकडा. ही तीन बटणांची कसरत कीबोर्डालाच शिकवली. आता अंगठा धरून ‘स’ दाबला की मराठी, त्याच्या शेजारचे बटण दाबले की कन्नड, त्याच्या पुढचे इंग्रजी. आधी कोणती भाषा चालू होती याच्याशी संबंध नाही. फिरत जाणे संपले. ईमेलचा पत्ता लिहिताना याचा फार उपयोग होतो, कारण इनस्क्रिप्टमध्ये ‘ॲट’ च्या चिन्हाच्या जागी अर्धचंद्र येतो आणि तेवढ्या एका खुणेसाठी इंग्रजीत जाऊन यावे लागते.

संपादक महोदय, आपल्या भागात शेकडो हात असे काम करत असतील. छापखान्यात, वकिलांकडे, निपाणी-खानापूरच्या तालुका कचेऱ्यांसमोरच्या टेबलांवर, आणि आपल्या वृत्तपत्राच्या कचेरीतही. त्यातल्या कोणाच्या तरी मनगटाला आज क्रेप बँडेज असेल. त्यांना ‘काम कमी करा’ याशिवाय दुसरे काही सांगणारे कोणी भेटत नाही. मेकॅनिकल कीबोर्ड सगळ्यांना परवडणार नाही हे मला मान्य आहे. पण साध्या कीबोर्डावरही बटणांची जागा बदलणारी मोफत साधने आहेत. कॅप्स लॉकला दुसरे काम देणे, भाषांना थेट चाव्या देणे एवढे तर आजच्या आज फुकटात होते. टायपिंगचे क्लास चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की वेग मोजायच्या आधी मुलांचे हात पाहा. कोणती करंगळी ताणली जाते, अंगठा कुठे आहे, ते पाहा. आणि आपल्या गावात मराठी-कन्नड दोन्ही अक्षरे छापलेली बटणे कोणी दुकानदार ठेवणार असेल, तर पहिली मागणी माझी धरावी.

ज्या गृहस्थांनी ते पत्र लिहिले त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना लिहिण्याचा कागद क्वचित लागत असेल.

सोबत लग्नपत्रिकेच्या कोऱ्या कार्डावर काढलेला माझ्या लेअरचा नकाशा पाठवत आहे. काळ्या शाईने आपली अक्षरे, लाल शाईने लेअरमधली कामे. डाव्या अंगठ्याचे बटण हिरवे केले आहे. छापण्याजोगा वाटला तर पुरवणीत छापावा. नाही छापला तरी हरकत नाही, दुसरी प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. कोणीही यावे, बसून हात ठेवून पाहावा.

आपली नम्र,
एक टंकलेखिका
शहापूर, बेळगाव